पायांतील काळे कण : डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचें चरित्र

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्टींतील शेतकऱ्याचें अर्धें आयुष्य अनवाणी जातें. कापडे गांवाची गोष्ट याहून निराळी नाहीं. मृगाचा पाऊस पडला कीं माणूस खाचरांत उतरतो, आणि लावणी, बेणणी व कापणी संपेपर्यंत चिखल, कांटा आणि धोंडा यांच्याशीं त्याच्या तळपायाची रोज गांठ पडते. पायांत कांटा मोडला, तर तो सुईनें काढावा, वर हळद दाबावी आणि पुन्हां कामास लागावें, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बहुतेक वेळां तेवढ्यानें भागतें. परंतु क्वचित् एखाद्या अभाग्याच्या पायांत कांट्याबरोबर असें कांहीं शिरतें, कीं जखम भरून येते, तो ती विसरूनहि जातो, आणि वर्षा-दोन वर्षांनीं त्याच जागीं एक न दुखणारी गांठ उठते. ती दुखत नाहीं, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. आणि कोणी पाहत नाहीं, म्हणूनच अखेरीस पाऊल जातें.

ह्या विरळ रोगाचें रूप ज्यांनीं धीरानें न्याहाळलें, त्याचें चित्र काढलें आणि त्यास नांव दिलें, त्या डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांचा व आपला संबंध दूरचा नाहीं. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरास गेलें कीं सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरीं कार्टर ९ वर्षें सिव्हिल सर्जन होते. जगांतील वैद्यकीय विद्यार्थी त्यांचीं चित्रें पाहून शिकले. पण आपल्या मुलखांतील अनवाणी माणसासाठीं त्यांनीं काय केलें, हें आपणांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजीं इंग्लंडांतील हल ह्या बंदरीं झाला. बाळपण मात्र स्कारबरो ह्या समुद्रकांठच्या गांवीं गेलें. त्यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे चित्रकार होते व समुद्राचीं, गलबतांचीं चित्रें काढण्यांत त्यांचा हातखंडा होता. घरांतच पेन्सिल व रंग असल्यामुळें मुलाचा हात लहानपणींच तयार झाला. जें दिसतें तेंच काढावें, मनांतलें त्यांत मिसळूं नये, ही शिस्त चित्रकलेंतून त्यांच्या अंगीं आली, आणि तीच पुढें त्यांच्या वैद्यकीचा पाया ठरली. ते प्रॉटेस्टंट घराण्यांतले, आमच्या पंथाचे नव्हते. तथापि दुःखितांची सेवा ज्यानें निष्ठेनें केली त्याचें ऋण मानतांना पंथाची चौकशी करूं नये, असें आम्हांस वाटतें.

वैद्यकीचें शिक्षण घेण्यासाठीं कार्टर लंडनास गेले आणि तेथील सेंट जॉर्ज रुग्णालयांत त्यांनीं अभ्यास केला. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून शरीराचे बारीक भाग पाहण्याची विद्याहि त्यांनीं संपादन केली. त्याच रुग्णालयांत हेन्री ग्रे नांवाचे एक तरुण शल्यवैद्य होते. विद्यार्थ्यांस परवडेल व समजेल असा शरीररचनेचा एक ग्रंथ काढावा, असा विचार ग्रे यांनीं केला. लिहिण्याचें काम त्यांनीं स्वतःकडे ठेविलें आणि चित्रें काढण्याचें कार्टर यांच्याकडे सोपविलें. प्रेतांचें विच्छेदन दोघांनीं मिळून केलें. ग्रंथांत ३६३ चित्रें होतीं व त्यांतील बहुतेक सर्व कार्टर यांच्या हातचीं होतीं. छपाईच्या लांकडी ठोकळ्यांवर तीं उलटीं काढावीं लागत. शिवाय प्रत्येक स्नायूचें व शिरेचें नांव त्या त्या भागावरच लिहिण्याची सोय त्यांनीं केली, त्यामुळें चित्र व खुलासा यांच्यामध्यें विद्यार्थ्याची नजर भटकण्याचें कारण उरलें नाहीं.

हा ग्रंथ १८५८ सालीं प्रसिद्ध झाला व ग्रे यांच्या नांवानें जगभर गाजला. आजहि त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत. ग्रे यांस विक्रीच्या प्रमाणांत मोबदला मिळाला. कार्टर यांस एकदांच १५० पौंड मिळाले. मुद्रितें तपासतांना कार्टर यांचें नांव अधिक लहान अक्षरांत घालावें, अशी सूचना ग्रे यांनीं केली. पुढें १८६१ सालीं ग्रे हे देवीच्या आजारानें ऐन चौतिसाव्या वर्षीं वारले. कार्टर यांनीं मानापानाचा झगडा मांडला नाहीं. ग्रंथ बाहेर पडला तेव्हां ते मुंबईंत होते, आणि दुसऱ्या एका कामांत त्यांचें चित्त गुंतूं लागलें होतें.

१८५८ सालच्या आरंभीं ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय खात्यांत दाखल झाले व मार्च महिन्यांत मुंबईस उतरले. १८४५ सालीं स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शरीररचना व शरीरव्यापार हे विषय शिकविण्याचें काम त्यांस मिळालें. शेजारींच सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय होतें. तेथें दूरदूरच्या गांवांहून रोगी येत. त्यांत अधूनमधून असा एखादा शेतकरी वा मजूर असे, ज्याचें एक पाऊल सुजून बेढब झालेलें, वर गांठीच गांठी उठलेल्या, आणि प्रत्येक गांठीस बारीक तोंड पडून त्यांतून पाण्यासारखी लस व तिजबरोबर कसले तरी कण बाहेर पडत असलेले. रोग्यास ताप नसे व वेदनाहि फारशा नसत. पाय मात्र कामांतून गेलेला असे.

हा रोग नवा नव्हता. सुश्रुतसंहितेंत वल्मीक, म्हणजे वारूळ, ह्या नांवानें हातापायांवर उठणाऱ्या व अनेक तोंडें पडणाऱ्या एका गांठीचें वर्णन आहे; तें ह्याच रोगाचें असावें, असें पुष्कळ विद्वानांस वाटतें. मुंगळ्यांच्या वारुळास जशीं जागोजाग भोकें असतात, तसेंच तें पाऊल दिसतें. इंग्रज डॉक्टरांपैकीं दक्षिणेंतील मदुरा येथील गिल यांनीं १८४२ सालीं ह्याची नोंद केली होती, व मदुरेकडे तो अधिक आढळे म्हणून त्यास मदुरेचा पाय असें नांव पडलें होतें. परंतु हा रोग नेमका कशानें होतो, हाडें कुजण्याचा हा प्रकार आहे कीं क्षयाचा कीं आणखी कसला, ह्याविषयीं एकमत नव्हतें. ज्याचें कारण कळलें नाहीं, त्याचें नांव गांवावरून पडतें. येथेंहि तेंच झालें होतें.

कार्टर यांनीं तर्क बाजूस ठेवून पाहण्यास आरंभ केला. शस्त्रक्रियेनें तोडलेलें पाऊल इतर लोक टाकून देत. तें ते मागून घेत, उभें चिरून त्याच्या आंतील रचना पाहत व तिचें चित्र काढीत. लंडनांत निरोगी शरीराच्या एकेका शिरेस त्यांनीं जो मान दिला होता, तोच मान येथें एका अनोळखी शेतकऱ्याच्या सडलेल्या पावलास त्यांनीं दिला. आंत त्यांस आढळलें तें असें : त्वचेवरील प्रत्येक भोकापासून एक बोगदा खोल जातो, हे बोगदे एकमेकांस मिळतात, हाडांत पोकळ्या पडलेल्या असतात, आणि ह्या बोगद्यांत व पोकळ्यांत कणांचे पुंजके बसलेले असतात. हे कण सर्वांचे सारखे नसत. कांहीं रोग्यांत ते काळे, बंदुकीच्या दारूसारखे. कांहींत फिकट पिवळसर, माशाच्या गाबोळीसारखे. आणि क्वचित् तांबूस. कणांच्या रंगावरून ह्या रोगाचे भेद करावे, हें कार्टर यांनीं दाखवून दिलें.

मग त्यांनीं ते कण सूक्ष्मदर्शकाखालीं धरिले. काळ्या कणांत त्यांस बुरशीचे तंतु एकमेकांत विणलेले दिसले. ओल्या भाकरीवर वा लोणच्यावर जी बुरशी आपण पाहतों, तिच्याच जातीचें कांहीं माणसाच्या जिवंत मांसांत व हाडांत घर करून राहतें, हा विचार त्या काळीं फार नवा होता. रोगजंतूंचें शास्त्र अजून बाल्यावस्थेंत होतें. १८६० च्या सुमारास मुंबईच्या वैद्यकीय मंडळापुढें कार्टर यांनीं आपले निबंध मांडले आणि बुरशीवाचक ग्रीक शब्दावरून ह्या रोगास मायसेटोमा हें नांव दिलें. आजहि जगभर तेंच नांव चालतें. गांवाच्या नांवाऐवजीं कारणाचें नांव आलें, ही केवळ शब्दांची अदलाबदल नव्हती. पुढच्या वैद्यानें कोठें शोधावें, हें त्या नांवांतच सांगितलें होतें.

चरित्र सांगतांना न्यून झांकूं नये, म्हणून येथें एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. जपून ठेविलेल्या नमुन्यांवर कार्टर यांस एक तांबूस बुरशी वाढलेली आढळली. बर्कले नांवाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें तिला कार्टर यांचेंच नांव दिलें व तीच रोगाचें मूळ होय असें कांहीं काळ मानण्यांत आलें. पुढील संशोधकांस हें मत टिकण्याजोगें वाटलें नाहीं. १८९४ सालीं व्हिन्सेंट ह्यांनीं फिकट कणांच्या एका प्रकारांतील निराळाच सूक्ष्म जीव ओळखला. तो बुरशी नसून जिवाणूंच्या वर्गांतला होता. काळ्या कणांची खरी बुरशी विसाव्या शतकाच्या आरंभीं निश्चित झाली व १९०५ सालीं ब्रुम्प्त ह्यांनीं तिच्या कुळास मदुरेवरून नांव दिलें. परंतु कणांकडे पाहा, त्यांचा रंग पाहा, त्यांच्या आंत काय आहे तें पाहा, हा जो मार्ग कार्टर यांनीं आंखून दिला, त्याच मार्गानें जाऊन ह्या मंडळींनीं सत्य शोधिलें.

त्या काळीं ह्या रोगावर औषध नव्हतें. पाऊल फार बिघडलें कीं तें तोडणें, हाच एक उपाय. क्लोरोफॉर्म आल्यामुळें त्या वेळची वेदना कमी झाली होती. परंतु ज्याचें पोट नांगरावर आहे, त्यास पाऊल गेल्यावर काय उरतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तरीहि रोग ओळखण्याचा लाभ होता. गांठ लहान असतांना व रोग हाडांत उतरण्यापूर्वीं ती ओळखली, तर तेवढाच भाग कापून पाय वांचविण्यास जागा राहते. उशीर झाला कीं ती जागा उरत नाहीं. म्हणून नेमकें निदान हीच त्या काळीं दया होती.

१८६३ सालीं कार्टर यांची नेमणूक साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून झाली व १८७२ पर्यंत ते तेथेंच राहिले. मुंबईचें कॉलेज, ग्रंथालय व विद्वानांची संगत सोडून जिल्ह्याच्या गांवीं जाणें म्हणजे पुष्कळांच्या दृष्टीनें अडगळींत पडणें होय. कार्टर यांनीं तो काळ वायां दवडला नाहीं. मुंबईंत मांडलेला विषय त्यांनीं सोडला नाहीं, आणि सातारा सोडल्यावर लवकरच, १८७४ सालीं, मायसेटोमावरील त्यांचा ग्रंथ लंडनांत प्रसिद्ध झाला. त्यांतील रंगीत चित्रें त्यांनीं स्वतः काढलेलीं आहेत. ग्रे यांच्या ग्रंथांतील चित्रांस नांव नाहीं अशा निरोगी शरीराचा आधार होता. ह्या ग्रंथामागें हिंदुस्थानांतील गोरगरीब रोग्यांचीं खरीखुरीं पावलें होतीं.

त्वचेवर दिसणारा दुसरा एक दारुण रोग, महारोग, हाहि त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मुंबईंत असतांनाच त्यांनीं ह्या रोगांत शरीरांतील ज्ञानतंतु जाड होतात, हें विच्छेदन करून दाखविलें होतें. त्वचेवरील बधिर चट्टा हें बाहेरचें लक्षण. आंत तंतूंस इजा झालेली असते, म्हणून चटका बसला तरी रोग्यास कळत नाहीं. १८७३ सालीं रजेवर असतांना कार्टर मुद्दाम नॉर्वे देशीं गेले. बर्गन शहरीं डॉ. हान्सेन यांस त्याच वर्षीं ह्या रोगाचा सूक्ष्म जंतु दिसला होता. रोग्यांची गांववार नोंद कशी ठेवितात व त्यांचीं रुग्णालयें कशीं चालतात, हें पाहून कार्टर यांनीं सरकारास अहवाल सादर केला आणि हिंदुस्थानांतहि अशी व्यवस्था व्हावी असा आग्रह धरिला. पुढें काठेवाडांत हिंडून तेथील रोग्यांचीहि त्यांनीं पाहणी केली.

१८७३ हें वर्ष आमच्या वाचकांस दुसऱ्या कारणानें परिचित असेल. त्याच वर्षीं मे महिन्यांत फादर दामियन हवाई बेटांपैकीं मोलोकाई येथें महारोग्यांच्या वस्तींत राहावयास गेले, आणि १८८९ सालीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. एकानें जंतु पाहिला, एकानें रोग्यांच्या पाहणीसाठीं देशोदेशीं प्रवास केला, आणि एकानें त्यांच्यांत जाऊन घर केलें. तिघांचीं कामें निराळीं. परंतु ज्याच्याकडे लोक पाठ फिरवितात त्याच्याकडे तोंड करून उभें राहणें, हें तिघांनींहि केलें. मुंबईंत महारोग्यांसाठीं माटुंग्यास आश्रम निघाला तो १८९० सालीं, म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या प्रयत्नानें. तेव्हां कार्टर हिंदुस्थान सोडून गेले होते.

हिंदुस्थानांत परत आल्यावर १८७६ सालीं गोकुळदास तेजपाल रुग्णालय त्यांच्या हवालीं झालें. पुढच्याच वर्षीं ग्रँट मेडिकल कॉलेजाचे प्राचार्य म्हणून त्यांनीं काम पाहिलें. तो भयंकर दुष्काळाचा काळ होता. दख्खनेंतून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईंत आले व त्यांच्यांत उलटून उलटून येणारा एक ताप पसरला. कार्टर यांनीं रोग्यांच्या रक्तांत मळसूत्राच्या आकाराचा जंतु शोधून काढिला. हें काम करीत असतां तोच ताप त्यांस स्वतःला आला. बरे होतांच ते पुन्हां कामावर रुजू झाले. ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८८२ सालीं प्रसिद्ध झाला. हिंवतापाचा जंतु फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांनीं शोधिला होता. तोहि कार्टर यांनीं १८८७ सालीं मुंबईंत रोग्यांच्या रक्तांत पाहिला.

३० वर्षांच्या सेवेनंतर १८८८ सालीं ते निवृत्त झाले व स्कारबरोस परतले. १८९० सालीं व्हिक्टोरिया राणीचे मानद शल्यवैद्य म्हणून त्यांचा गौरव झाला. उतारवयांत त्यांस संसाराचें व मुलांचें सुख लाभलें. पण तें फार दिवस टिकलें नाहीं. क्षयानें त्यांस गांठलें आणि ४ मे १८९७ रोजीं ज्या समुद्रकांठीं ते चित्रें काढावयास शिकले, तेथेंच त्यांनीं देह ठेविला.

आतां ह्या चरित्रापासून आपण घ्यावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. मायसेटोमा हा आजहि विरळ रोग आहे. कोरड्या, कांटेरी मुलखांत तो अधिक दिसतो. परंतु मातींत व कांट्यांत त्याचें बीज असतें, म्हणून अनवाणी काम करणारा कोणीहि त्यापासून सर्वस्वीं सुरक्षित नाहीं. विरळ असल्यामुळेंच तो ओळखावयाचा राहून जातो. २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें दुर्लक्षित रोगांच्या यादींत त्याचा समावेश केला. म्हणजे कार्टर यांच्या निबंधांनंतर सुमारें दीडशें वर्षें त्याकडे जगाचें लक्ष कमीच होतें. त्याच्या तीन खुणा कार्टर यांच्या काळापासून त्याच आहेत : न दुखणारी सूज, अनेक तोंडें, आणि लशीबरोबर येणारे कण. हल्लीं डॉक्टर कणांची तपासणी करितात, छायाचित्र काढून हाड पाहतात व रोग बुरशीचा कीं जिवाणूंचा हें ठरवितात. हा भेद फार महत्त्वाचा, कारण औषधें अगदीं निराळीं आहेत. जिवाणूंचा प्रकार प्रतिजैविक औषधांनीं पुष्कळदां पूर्ण बरा होतो. बुरशीचा प्रकार चिवट आहे. त्यावर इट्राकोनॅझोलसारखें औषध कित्येक महिने घ्यावें लागतें व शस्त्रक्रियाहि करावी लागते. दोन्हींत लवकर येणाऱ्याचा पाय वांचण्याची आशा अधिक.

महारोगाविषयीं तर आतां भय धरण्याचें कारणच उरलें नाहीं. १९८१ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुरू झाली. ६ महिन्यांत किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो व सरकारी दवाखान्यांत हीं औषधें विनामूल्य मिळतात. कार्टर यांच्या पिढीस रोग्यांस वेगळें ठेवण्यावांचून दुसरा मार्ग दिसत नव्हता. आज त्यांस घरांतून वा पंगतींतून दूर करण्याचें कांहींएक प्रयोजन नाहीं. मायसेटोमा तर एका माणसापासून दुसऱ्यास लागतच नाहीं.

म्हणून, वाचकहो, आमची विनंति एवढीच. शेतावर जातांना शक्य तेथें पायांत कांहीं घाला. कांटा पूर्ण निघाला कीं नाहीं तें पाहा व जखम साबणपाण्यानें धुवा. पायावर गांठ उठली आणि ती दुखत नाहीं, तर तेवढ्यावरून ती निरुपद्रवी आहे असें समजूं नका. अंगावर बधिर चट्टा दिसला तर तो सदऱ्याखालीं झांकूं नका. घरांतील वडील माणसें आपलें दुखणें सांगत नाहींत. संध्याकाळीं त्यांच्या पायांवर पाणी घालतांना त्यांच्या तळपायांकडे एकदां नीट दृष्टि टाका, आणि कांहीं वेगळें दिसलें तर लावणी संपण्याची वाट न पाहतां त्यांस दवाखान्यांत न्या.